नृत्यशिक्षिका व्हायचंय? मग कागद कुठला घ्यायचा आणि कधी

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की मला दोन-चार फोन ठरलेले. "ताई, मध्यमापर्यंत झालंय माझं. बाणेरला राहते. सोसायटीतल्या मुलांना कथक शिकवावं म्हणतेय. सर्टिफिकेट लागतं का हो?" फोन करणारी बहुधा हिंजवडीत नोकरी करते, लग्न झालेलं असतं, घुंगरू माळ्यावर असतात. कधी एखादा मुलगा असतो. तो बॉलिवूड आणि हिपहॉप शिकवतो आणि शाळेने कागद मागितल्यामुळे गडबडलेला असतो.

आधी सरळ उत्तर. आपल्याकडे खासगी नृत्यवर्ग घ्यायला कुठल्याही पदवीची किंवा परवान्याची कायद्याने सक्ती नाही. डॉक्टरांची, वकिलांची परिषद असते तशी नृत्यशिक्षकांची नाही. उद्या सकाळी तुम्ही पार्किंगमध्ये सतरंजी टाकून क्लास सुरू केलात तर कुणी पकडायला येणार नाही. पण कायदा मागत नसला तरी पालक मागतात, शाळा मागते, कॉलेज तर मागतंच. आणि प्रत्येकाला वेगळा कागद हवा असतो. इथेच लोकांचे पैसे आणि वर्षं वाया जातात.

आधी ठरवा : शिकवायचं कुणाला?

कागदाचा विचार करण्याआधी एका पानावर लिहून काढा, तीन वर्षांनी तुम्ही कुणाला शिकवत असाल. सोसायटीच्या गणपतीसाठी आणि शाळेच्या गॅदरिंगसाठी नाच बसवून द्यायचे असतील तर प्रमाणपत्राच्या मागे लागू नका. तिथे मागच्या वर्षीचा नाच लोकांनी पाहिलेला असतो, तोच तुमचा कागद.

शास्त्रीय नृत्याचा नियमित क्लास काढायचा असेल तर किमान विशारद, म्हणजे मध्यमाच्या वरची परीक्षा (सगळा क्रम पुढे येतोच). शाळेत पगारी नोकरी हवी असेल तर विशारद आणि जमल्यास नृत्यातली पदवी. कॉलेजात किंवा विद्यापीठात शिकवायचं असेल तर एमए आणि नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा. झुंबासारखं नावाजलेलं काही शिकवायचं असेल तर त्या कंपनीचा परवाना. ही दारं वेगवेगळी आहेत, एकाची किल्ली दुसऱ्याला चालत नाही. झुंबाचा परवाना दाखवून शाळेत कथकची शिक्षिका होता येत नाही, आणि अलंकार, म्हणजे विशारदच्याही पुढची परीक्षा, झालेल्या बाईंनाही झुंबा हे नाव वापरून वर्ग घेता येत नाही.

पुण्यात आणखी एक प्रश्न हमखास येतो, आणि तो प्रमाणपत्राच्याही आधी येतो. "कुणाकडे शिकलात?" रोहिणी भाटे यांनी 1947 मध्ये नृत्यभारती सुरू केली. सुचेता भिडे-चापेकरांनी भरतनाट्यम हिंदुस्थानी संगीतावर उभं केलं. अशा शहरात आजीसुद्धा नातीला क्लासला घालताना गुरूंची परंपरा विचारते. म्हणून क्लास सुरू करण्याआधी स्वतःच्या गुरूंकडे जा, पेढे घेऊन जा आणि स्पष्ट विचारा : मी शिकवायला लागू का, तुमचं नाव सांगू का? "अजून वर्षभर थांब" असं उत्तर आलं तर राग मानू नका. बहुतेक वेळा त्या बरोबर असतात.

गांधर्वची वाट

महाराष्ट्रात 'परीक्षा' म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण. विशारदपर्यंत अशा सात परीक्षा, पुढे अलंकारच्या दोन. सत्रं वर्षातून दोन, एक उन्हाळ्यात आणि एक दिवाळीनंतर. वर्षाला एक परीक्षा धरली तर सुरुवातीपासून विशारदला सात वर्षं लागतात. प्रयागराजची प्रयाग संगीत समिती आणि चंदीगडचं प्राचीन कला केंद्र यांच्याही परीक्षा देशभर चालतात. पण पुण्यातल्या पालकांच्या तोंडी नाव गांधर्वचंच असतं. उद्या तुमच्या विद्यार्थ्यांना ज्या परीक्षेला बसवणार, तीच तुम्ही दिलेली असली तर तुमचं काम निम्म्याने सोपं होतं.

पालकांच्या डोक्यात आणखी एक गोष्ट असते आणि ती तुम्हाला माहीत हवी : दहावीचे सवलतीचे कला गुण. शासनमान्य संस्थांच्या शास्त्रीय नृत्याच्या ठरावीक परीक्षा दिलेल्या मुलांना हे वाढीव गुण मिळतात आणि प्रस्ताव शाळेमार्फत बोर्डाकडे जातो. सातवीतल्या मुलीची आई पहिल्याच दिवशी विचारते, "दहावीपर्यंत कितवी परीक्षा होईल?" हसू नका, वेळापत्रक मांडून दाखवा. मूल नाचासाठी आलंय की गुणांसाठी, ते दोन वर्षांत आपोआप कळतं. गुणांसाठी आलेली एखादी पुढे सगळ्यांत चिवट निघते, हेही मी पाहिलंय.

मध्येच सोडलेल्यांसाठी : मध्यमा पूर्ण होऊन दहा वर्षं झाली असतील तर घाबरू नका, विशारदच्या दोनच परीक्षा उरल्यात. पहिलं काम म्हणजे जुनी गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र शोधणं, पुढचा फॉर्म भरताना ते लागतं. दुसरं, ज्या गुरूंकडे किंवा केंद्रावरून परीक्षा देणार तिथे फॉर्मची मुदत विचारून ती कॅलेंडरवर लिहिणं. मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते. कुठल्याशा गटातल्या ऐकीव निरोपावर विसंबून मी एकदा अख्खं सत्र घालवलंय. तिसरं, रियाज. नोकरी सांभाळून रोज दोन तास जमत नाही हे मला मान्य आहे. पण रोज वीस मिनिटं तत्कार, म्हणजे पायांचं मूळ काम, आणि गाडीत बसल्या बसल्या पढंत, म्हणजे नाचाचे बोल तालात म्हणणं, एवढं जमतंच.

पढंतकडे लक्ष द्या. परीक्षेत मोठी माणसं अडतात ती पायांत नाही, तोंडात. तोडा, म्हणजे बोलांचा बांधीव तुकडा, नाचून दाखवतात, पण तोच हाताने टाळी-खाली धरून म्हणायचा झाला की तीनतालाची नवव्या मात्रेवरची 'खाली', म्हणजे टाळी न देण्याची जागा, हरवते. आणि शिक्षिकेचं अर्धं काम तर हेच, हाताने ताल धरायचा आणि तोंडाने बोल म्हणायचे. वरच्या परीक्षांना लेखी पेपरही असतो. नाट्यशास्त्र, अभिनयदर्पणातले अठ्ठावीस असंयुत हस्त (एका हाताच्या मुद्रा), ताललिपी हे सगळं मार्चमध्ये एका रात्रीत होत नाही.

आणि एक गैरसमज. विशारद ही विद्यापीठाची पदवी नव्हे. काही ठिकाणी ती पदवीच्या बरोबरीची धरतात, काही ठिकाणी नाही. जिथे दाखवणार तिथला त्या वर्षीचा नियम वाचल्याशिवाय "विशारद म्हणजे बीएच" असं गृहीत धरू नका.

विद्यापीठाची वाट

पुण्यात राहणाऱ्याला ही सोय घराजवळ आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र 1987 पासून आहे. त्याच्या नावात 'गुरुकुल' आहे आणि शिक्षणाची पद्धतही तशीच, गुरूंसमोर बसून शिकण्याची. नृत्यात बीए आणि एमए होतं, कथक किंवा भरतनाट्यम. भारती विद्यापीठाच्या स्कूल ऑफ परफॉर्मिंग आर्ट्समध्येही नृत्याच्या पदव्या मिळतात. प्रवेशाला नाचून दाखवावं लागतं, म्हणजे बारावीनंतर शून्यातून सुरुवात करायची ही जागा नव्हे.

बीए कुणी करावं? ज्यांना हे पोटापाण्याचं काम म्हणून करायचंय आणि तीन-चार वर्षं दिवसाचा मोठा भाग देता येतो, त्यांनी. ज्यांच्याकडे दुसऱ्या शाखेची पदवी आहे आणि विशारदही झालंय, त्यांनी एमएच्या प्रवेशाच्या अटी बघाव्यात. पस्तिशीत एमए केलेल्या बायका मला माहीत आहेत, सकाळी मुलाला शाळेत सोडून गणेशखिंडीचा रस्ता धरणाऱ्या.

कॉलेजात शिकवायचं तर एमएला 55 टक्के आणि यूजीसी नेट. नेटमध्ये नृत्याचा विषय स्वतंत्र नाही, नृत्य, नाटक आणि रंगभूमी एकाच विषयात आहेत. नुसतं कथक घोटून गेलेल्या मुलींना रंगभूमीच्या प्रश्नांनी घाम फुटतो. एमएच्या पहिल्या वर्षापासूनच नाटकवाल्या मित्रांच्या तालमींना जाऊन बसा, अभ्यासही होईल आणि वडापावही मिळेल. मोठ्या कलावंतांसाठी यूजीसीच्या नियमांत अनुभवाची वेगळी वाट आहे, पण ती नावाजलेल्यांसाठी. सुरुवात करणाऱ्याने तिच्यावर हिशेब मांडू नये.

खासगी शाळा वेगळ्याच तऱ्हेने चालतात. कागद बघतात, मग एक नमुना तास घ्यायला सांगतात. चौथीतली चाळीस मुलं, लहान हॉल, ब्लूटूथ स्पीकर. निवड त्या चाळीस मिनिटांत होते.

झुंबा, बॅले आणि सोनेरी शिक्के

झुंबा हे नोंदणीकृत नाव आहे. ते वापरून शिकवायचं तर त्यांचं छोटं प्रशिक्षण घेऊन परवाना काढावा लागतो आणि तो चालू ठेवावा लागतो. आधी नाच शिकलेला असण्याची अट नाही. यात वाईट काही नाही, फक्त तो नृत्याचा नसून व्यायामाच्या वर्गाचा परवाना आहे हे ओळखा. बॅलेमध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्ससारख्या संस्था शिक्षक घडवतात, त्यांची नोंदणी ठेवतात आणि नोंदणीकृत शिक्षकच मुलांना त्यांच्या परीक्षांना बसवू शकतात. ती वाट लांब आणि महाग आहे, पण खरी आहे. बॉलिवूड आणि हिपहॉपला अशी सर्वमान्य परीक्षा नाही. कार्यशाळेनंतर मिळतं ते सहभागाचं प्रमाणपत्र. ते भिंतीवर लावा, पण स्वतःला 'सर्टिफाइड' म्हणवू नका.

आता माझीच गोष्ट. विशारद झाल्यावर मला वाटलं, शिकवण्याचा वेगळा कागद हवा. एका संस्थेचा शनिवार-रविवारचा 'इंटरनॅशनल टीचर्स डिप्लोमा' मी घेतला. जाड कागद, सोनेरी शिक्का, खाली दोन वळणदार सह्या. चार महिन्यांनी एका शाळेत मुलाखतीला गेले. मुख्याध्यापिकांनी प्रमाणपत्र उलटंपालटं केलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "यात तुम्ही मुलांसमोर प्रत्यक्ष किती तास उभ्या राहिलात?" मी एकही तास उभी राहिले नव्हते. आम्ही एकमेकींना शिकवल्याचं सोंग केलं होतं, मोबाइलवर शूटिंगही केलं होतं.

तेव्हापासून कुणी कुठल्या कोर्सचं पत्रक पाठवलं की मी तोच प्रश्न विचारते, आणि त्याला आणखी एक जोडते : मी शिकवत असताना मागे बसून माझ्याकडे बघणार कोण? दोन्हींची उत्तरं मिळाली नाहीत तर पैसे भरू नका. मग शिक्का कितीही चमको.

शिकवायला शिकणं

विशारद तुम्हाला नाचता येतं हे सांगतं. शिकवण्याचं शिक्षण त्यात फारसं नाही, ते गुरूंच्या वर्गात मदतनीस होऊनच मिळवावं लागतं. निदान एक वर्ष, आठवड्यातून दोन वेळा. फुकट असलं तरी चालेल. मी तर म्हणेन, पैसे मिळाले नाहीत तर बरं, प्रश्न विचारायला संकोच वाटत नाही.

माझ्या गुरूंनी, म्हणजे ताईंनी, मला प्रवेशिकेची बॅच दिली, आठ-नऊ वर्षांच्या बारा मुली. ताई मागे चटईवर चहाचा कप घेऊन बसल्या, मांडीवर डायरी. मी त्या दिवशी फार छान शिकवलं, असं मला वाटलं. तास संपल्यावर त्यांनी पान दाखवलं. दोन रकाने होते, वर लिहिलं होतं 'बोलणं' आणि 'पाय'. 45 मिनिटांत मी 26 मिनिटं बोलले होते. मुलींचे पाय हलले होते अकरा मिनिटं. उरलेल्या वेळात रांगा लावणं, पाणी आणि एकीची सैल झालेली घुंगरं. ताई एवढंच म्हणाल्या, "उद्या पंधरा आणि पंचवीस कर." आजही माझ्याकडे शिकवायला शिकणाऱ्या मुलींना मी हेच पान आखून देते. घड्याळ, डायरी आणि मागे बसणारं कुणीतरी एवढंच त्याला लागतं.

दुसरी अडचण आरशाची. तत्काराचे बोल घ्या : ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. 'ता' उजव्या पायाने सुरू होतो, 'आ' डाव्या. मुलांकडे पाठ करून नाचलात तर ती तुमचे पाय बघून बरोबर करतात, पण तुम्हाला ती दिसत नाहीत. तोंड करून उभ्या राहिलात तर तुमचा उजवा त्यांच्या डाव्यासमोर येतो आणि पाचव्या मात्रेला निम्मी बॅच चुकीच्या पायावर. म्हणून मुलांकडे तोंड करून, तोंडाने 'उजवा' म्हणत स्वतः डावा पाय मारायची सवय करावी लागते. मला दोन महिने लागले. घरी कपाटाच्या आरशासमोर करा, आधी ठाय म्हणजे संथ लयीत, मग दुगुनीत म्हणजे दुप्पट वेगात. तोपर्यंत मुलांच्या उजव्या घोट्याला लाल लोकर बांधायची युक्ती चालते.

वयाप्रमाणे काय द्यायचं, हे कुठल्या परीक्षेत फारसं विचारत नाहीत. पाच वर्षांच्या मुलाला घुंगरू बांधू नका, त्याला टाळ्या, चालणं, थांबणं आणि गोष्टी द्या. आठ-नऊला हलकी घुंगरं चालतात. अकरा ते चौदा या वाढीच्या वयात मुली गुडघ्याखाली किंवा टाचेत दुखतं म्हणाल्या तर ते रियाज चुकवण्याचं निमित्त समजू नका. पायाचं काम थांबवा, हस्तक (हातांच्या हालचाली) आणि पढंत करून घ्या, दुखणं राहिलं तर डॉक्टरांकडे पाठवा. भरतनाट्यमवाल्यांनी अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसताना, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत जातोय ना, हे पहिल्या दिवसापासून बघायचं, पुढे सुधारणं फार अवघड जातं.

प्रथमोपचाराचं छोटं प्रशिक्षण जरूर घ्या. रेड क्रॉस आणि सेंट जॉन ॲम्ब्युलन्स ते देतात. माझ्या फाइलमध्ये प्रत्यक्ष कामी आलेलं प्रमाणपत्र कुठलं, तर हे. गिरकी घेताना एकीचं डोकं खिडकीच्या चौकटीवर आपटलं, तेव्हा तिच्या आईला माझं विशारद नको होतं.

क्लास उघडताना

जागा बघताना आरसा आणि एसी नंतर, आधी जमीन. बहुतेक हॉलमध्ये काँक्रीटवर गुळगुळीत टाइल असते. त्यावर रोज तत्कार म्हणजे नडग्या आणि घोटे कामातून गेले. लाकडी जमीन, तीही खाली पोकळी ठेवून बसवलेली, सगळ्यांत उत्तम. परवडत नसेल तर शहाबादी फरशीचा जुना हॉल घ्या आणि उड्यांचं काम कमी ठेवा. फ्लॅटमध्ये घेणार असाल तर खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांना आधी भेटा. बारा मुलींची घुंगरं खाली कशी ऐकू येतात, हे मला कर्वेनगरच्या एका काकूंनी स्वतःच्या दिवाणखान्यात बसवून ऐकवलं. दुपारी दोन ते चार क्लास घ्यायचा नाही हा नियम तेव्हापासूनचा. सोसायटीची लेखी परवानगी घ्या, तोंडी परवानगी नवी कमिटी आली की विरते.

कागदपत्रं फार नाहीत. स्वतंत्र जागेत क्लास असेल तर शॉप ॲक्टखाली नोंद. कामगार थोडेच असतील तर 2017 च्या कायद्याप्रमाणे फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. बँकेत क्लासच्या नावाने खातं काढताना तो कागद मागतात. उद्यम ही छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी मोफत आहे, एजंटाला पैसे देऊ नका. जीएसटीची नोंदणी सेवांसाठी वर्षाला 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही. व्यवसाय कराचं सीएला एकदा विचारून घ्या.

लहान मुलं येणार म्हणून दोन गोष्टी स्वतःहून करा. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र काढून ठेवा, अर्ज ऑनलाइन करता येतो, शाळाही मागतात. तबलजी किंवा मदतनीस असेल तर त्याचंही. आणि क्लास चालू असताना दार उघडं ठेवा, पालकांना बसायला बाहेर बाक ठेवा. हस्तमुद्रा किंवा शरीराची ठेवण सुधारताना हात लावावा लागतो, तो विचारून लावायचा आणि पालकांना पहिल्याच दिवशी सांगायचं. आमच्या पिढीला हे कुणी शिकवलं नाही, छडीनेच सुधारत.

हिशेब कागदावर करा. समजा 20 मुलं, महिना हजार रुपये, म्हणजे वीस हजार. हॉलचं भाडं, तबल्याची साथ किंवा निदान लहेऱ्याचं (तालाचं आवर्तन दाखवणाऱ्या सुरावटीचं) ॲप, स्पीकर, मे महिन्यात गावाला गेलेली निम्मी बॅच. पहिली दोन वर्षं नोकरी सोडू नका. वार्षिक कार्यक्रमाच्या खर्चाचं पालकांना सत्र सुरू होतानाच सांगा. नाट्यगृहाची तारीख, पोशाख, मेकअप आणि ध्वनिक्षेपक यांचा आकडा डिसेंबरात सांगितला की भांडण ठरलेलं. कार्यक्रमात सिनेमाची गाणी वाजवणार असाल तर आयपीआरएस आणि पीपीएल या गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांच्या परवान्यांची चौकशी आधी करा.

नावाचा घोळ

हे कुणी सांगत नाही म्हणून शेवटी लिहून ठेवते. माझ्या प्रमाणपत्रांवर तीन नावं आहेत. मध्यमापर्यंत माहेरचं, विशारदवर सासरचं आणि एमएवर माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव आणि मध्ये एक जोडरेघ. आधारवर चौथा प्रकार. शाळेच्या नोकरीच्या वेळी क्लार्कने सगळा गठ्ठा टेबलावर मांडला आणि विचारलं, "मॅडम, या चौघी कोण?" लग्नाचा दाखला दाखवून तेव्हा भागलं. पुढे राजपत्रात नावबदल करून घेतला, त्यात बरेच महिने गेले. तेव्हा पुढचा फॉर्म भरायला बसाल, विशारदचा असो की एमएचा, तर पहिल्या प्रमाणपत्रावरचं नाव समोर ठेवून अक्षर न् अक्षर तेच लिहा. जुन्या गुणपत्रिकेवर स्पेलिंग चुकलं असेल तर ते आत्ताच, केंद्रावरच्या बाई ओळखीच्या आहेत तोवर, दुरुस्त करून घ्या.